ऑनलाइन वर्गाची राखण

सकाळी ६.००

पहिला वर्ग साडेसहाला भरतो. त्याआधी मी दिवसभराच्या वर्गांचा तक्ता उघडते आणि एकच गोष्ट बघते. प्रत्येक वर्गापुढे दोन मोठ्या माणसांची नावं आहेत ना? एक शिकवणारा आणि दुसरा सोबतीला. सोबतीचा रकाना रिकामा दिसला की फोनाफोनी सुरू होते. कुणीच मिळालं नाही तर मी बसते, आणि तेही जमण्यासारखं नसेल तर वर्ग पुढे ढकलते. पालकांना ते आवडत नाही, परीक्षा तोंडावर आली असेल तर मुळीच नाही. तरीही ढकलते.

आमची शिकवणी सांगलीतून चालते आणि सगळे वर्ग ऑनलाइन असतात. मुलं चौथी ते आठवीची. बहुतेक शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करणारी, काही गणितात मागे पडलेली. शिकवणाऱ्यांत निम्मे निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक, निम्मे नुकतेच डी.एड. होऊन बाहेर पडलेले. त्यांनी काय शिकवावं ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. मुलं आणि मोठी माणसं यांच्यात जे काही बोलणं-लिहिणं होतं ते सगळं उजेडात व्हावं, याची घडी बसवणं हे माझं काम.

शाळेच्या वर्गाला खिडक्या असतात, व्हरांडा असतो, शेजारच्या वर्गातून डोकावणाऱ्या बाई असतात. ऑनलाइन वर्गात यातलं काहीच आपोआप मिळत नाही. एका टोकाला मोठा माणूस, दुसऱ्या टोकाला कानात हेडफोन घातलेलं दहा वर्षांचं मूल. तिथे खिडक्या आपणच पाडाव्या लागतात. सोबतीचा माणूस ही त्यातली पहिली खिडकी.

सकाळी ६.३०

कॅलिफोर्नियात आदल्या दिवशीची संध्याकाळ असते. तिथली मराठी मुलं वाचन-लेखनाच्या वर्गाला येतात. सगळी आधी वेटिंग रूममध्ये थांबतात आणि सोबतीला बसलेल्या ताई एकेकाला यादीशी ताडून आत घेतात. नाव कसं लिहायचं ते ठरलेलं आहे. पहिलं नाव आणि आम्ही दिलेला क्रमांक, बस्स. आडनाव नको, शाळेचं नाव नको. ‘मम्माज् आयफोन’ नावाने कुणी आलं तर नाव बदलेपर्यंत बाहेरच. मग ते खरंच त्या मुलाच्या आईच्या फोनवरून आलेलं असलं तरी.

हा काटेकोरपणा उगाच आलेला नाही. २०२० साली सगळं जग घरात बसलेलं असताना झूमच्या वर्गांत अनोळखी लोक घुसून मुलांसमोर अश्लील चित्रं लावत होते. त्या एप्रिलमध्ये झूमने पासवर्ड आणि वेटिंग रूम मुळातूनच सुरू करून दिली, आणि त्याच महिन्यात आपल्या गृह मंत्रालयानेही झूम जपून वापरण्याबद्दल सूचना काढल्या. आज ती सोय बहुतेक ॲपमध्ये असते. पण सोय असणं वेगळं आणि रोज कुणीतरी ती पाळणं वेगळं. घाईच्या वेळी ‘सगळ्यांना आत घ्या’ हे बटण दाबलं की वेटिंग रूमचा काही उपयोग उरत नाही. म्हणून आमच्याकडे ते बटण कुणी दाबायचं नाही, असा नियम आहे.

परदेशातले पालक प्रवेशाच्या वेळीच विचारतात, रेकॉर्डिंग कुठे ठेवता, किती दिवस ठेवता, कोण बघतं? अमेरिकेत तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती ऑनलाइन गोळा करायला पालकांची पडताळलेली संमती घ्यावी लागते, त्यामुळे त्यांना या प्रश्नांची सवय आहे. इकडचे पालक सहसा विचारत नाहीत. खरं तर डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या आपल्या कायद्यात संमतीची हीच वयोमर्यादा १८ ठेवली आहे. मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायलाही त्यात मनाई आहे. आम्ही दोन्हीकडच्या पालकांना एकच उत्तर लेखी देतो. शिक्षक आणि फळा दिसेल एवढंच रेकॉर्डिंग होतं, ते आमच्यापैकी दोघांशिवाय कुणाला उघडता येत नाही, आणि तीस दिवसांनी पुसलं जातं. एखाद्या वर्गाबद्दल तक्रार आली असेल तर मात्र तिचा निकाल लागेपर्यंत ते हलवत नाही.

सकाळी ८.००

चहाबरोबर कालची दोन रेकॉर्डिंगं. कुठली बघणार ते मी आधी कुणाला सांगत नाही. चॅटची नोंदही वाचते. आमच्या वर्गात मुलांना एकमेकांना किंवा शिक्षकांना खासगी मेसेज पाठवता येत नाही, ती सोय बंद केलेली असते. जे लिहायचं ते सगळ्यांना दिसेल असंच.

अपशब्द कुठे आलाय का हे तर बघतेच, पण त्याहून जास्त लक्ष बारीक गोष्टींकडे असतं. एकाच मुलीचं कौतुक वारंवार होतंय का? उत्तराचं होतंय की दिसण्याचं? ‘आज आई घरात नाही का?’ असं कुणी विचारलं का? गेल्या आठवड्यापर्यंत हात वर करणारा मुलगा अचानक गप्प का झाला? यातल्या एकट्या गोष्टीवरून कुणावर बोट ठेवता येत नाही. म्हणून तारीख टाकून वहीत एक ओळ लिहिते. तीच ओळ पुन्हा लिहायची वेळ आली तर त्या दिवशी फोन करते.

सकाळी ९.३०

नव्या शिक्षकांच्या मुलाखती. आज एक तरुण आहेत, गणित सुरेख शिकवतात. प्रात्यक्षिक पाठ झाला, सगळ्यांना आवडला. त्यानंतरचा भाग मात्र लांबतो. पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला लागेल, मूळ प्रमाणपत्रं लागतील, आणि याआधी जिथे काम केलं तिथल्या दोन माणसांशी मी स्वतः बोलणार.

पोलिसांच्या दाखल्याला मर्यादा असते. ज्याच्याविरुद्ध कधी तक्रारच नोंदली गेली नाही त्याचा दाखला कोराच येतो, आणि मुलांच्या बाबतीत तक्रारी न नोंदवता माणसाला गुपचूप दुसरीकडे पाठवून द्यायची आपल्याकडे जुनी रीत आहे. म्हणून आधीच्या मुख्याध्यापकांना मी सरळ विचारते, ‘यांना पुन्हा मुलांसोबत काम द्याल का?’ हो म्हणणारा माणूस लगेच हो म्हणतो. समोरून ‘तसे हुशार आहेत हो…’ अशी सुरुवात झाली की मी फोन ठेवण्याआधी आणखी दोन प्रश्न विचारते.

तरुणाने विचारलं, ‘मॅडम, एवढं सगळ्यांनाच विचारता?’ सगळ्यांनाच. माझ्या सख्ख्या मावसभावाने अर्ज केला होता, त्यालाही हेच विचारलं.

सकाळी ११.००

आजचा सगळ्यात अवघड फोन हा. काल रात्री पावणेदहाला आमच्या एका सरांनी सहावीतल्या एका मुलीला थेट व्हॉट्सॲपवर मेसेज केला. नंबर आईचाच, पण मेसेज मुलीला उद्देशून. आईने स्क्रीनशॉट पाठवलाय. ‘बाळ, आज दशांश अपूर्णांक फार छान सोडवलेस. आणखी दहा उदाहरणं पाठवतो. मम्मीला एवढ्यात सांगू नकोस, चाचणीत पैकीच्या पैकी पाडून तिला सरप्राइज देऊ.’

हे सर जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं आज तलाठी आहेत, डॉक्टर आहेत. त्यांच्या मनात उदाहरणांपलीकडे काही नव्हतं याबद्दल आईलाही शंका नाही, मलाही नाही. पण मेसेज पुन्हा वाचला की अंगावर काटा येतो. मुलाला नादी लावणारा माणूस पहिली पावलं नेमकी अशीच टाकतो. आधी कौतुक, मग रात्रीचा खासगी मेसेज, मग आपल्या दोघांतलं एक छोटं, गोड गुपित.

सर दुखावले. म्हणाले, ‘मॅडम, सगळा जन्म मुलांत गेला माझा. आता या वयात माझ्यावर संशय?’

मी म्हटलं, ‘सर, तुमच्यावर संशय नाही. पण उद्या दुसऱ्या कुणी तिला रात्री मेसेज केला आणि शेवटी मम्मीला सांगू नकोस म्हणाला, तर तिला त्यात वावगं वाटणार नाही. ती म्हणेल, आमचे सर पण असंच म्हणायचे.’

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, ‘ही बाजू माझ्या ध्यानात आली नव्हती.’ दुपारच्या आत त्यांनी स्वतः आईला फोन केला, आणि ती दहा उदाहरणं सगळ्या वर्गाला दिसतील अशी टाकली. वहीत नोंद झाली, ती त्यांनी वाचली आणि खाली सही केली.

या सगळ्या कामात मला पटलेली एकच गोष्ट सांगायची तर ती ही. नियम चांगल्या माणसांनी पाळायचे असतात, कारण मुलं साधं वागणं कसं असतं ते चांगल्या माणसांकडून शिकतात. ज्या सरांवर जीव आहे ते कधीच खासगी मेसेज करत नाहीत, कधीच गुपित ठेवायला सांगत नाहीत, हे मुलाच्या अंगवळणी पडलेलं असेल तर तसं करणारा पहिला माणूस त्याला चटकन वेगळा दिसतो. विश्वासातल्या माणसाला एकदा सूट दिली की ही ओळख पटायची सोयच आपण काढून घेतो.

दुपारी १२.३०

शिष्यवृत्तीची गुणवत्ता यादी लागली की आमच्या भागात चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. मुलाचा फोटो, पूर्ण नाव, शाळा, गाव, गुण. क्लासची याहून चांगली जाहिरात दुसरी नाही, हे मला ठाऊक आहे. आज एका बाबांचा फोन आला. ‘मॅडम, बाकीचे क्लासवाले पोरांचे फोटो फेसबुकला टाकतात. आमच्या पोराचा का नाही टाकत?’

त्यांचा आनंद खरा आहे आणि पोराची मेहनतही खरी आहे. पण त्या एका चित्रात अनोळखी माणसाला हवं ते सगळं असतं. चेहरा, नाव, कुठल्या शाळेच्या फाटकातून हे मूल रोज बाहेर पडतं ते, आणि कशाचं कौतुक केलं की ते खूश होईल तेही. शिवाय आता कुठल्याही साध्या फोटोवरून घाणेरडं चित्र बनवून देणारी साधनं पोराटोरांच्या फोनवर आली आहेत. आम्ही यशाची यादी लावतो ती अशी: पहिलं नाव, इयत्ता, गुण. फोटो नाही, गाव नाही. सत्कार मात्र जोरात करतो, पालकांना बोलावून, पेढे वाटून. बाबांना हे सगळं सांगितलं. पूर्ण पटलं असं नाही, पण ‘बघा, तुमचं बी बरोबर असंल’ एवढं म्हणाले.

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचंही असंच. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, आणि पुष्कळ घरांत तोच नंबर मुलाच्या हातातल्या फोनचा असतो. म्हणून आम्ही ब्रॉडकास्ट लिस्ट वापरतो. पालकाने आमचा नंबर सेव्ह केलेला नसेल तर मेसेज पोचत नाही, एवढी एक अडचण आहे. ती प्रवेशाच्या दिवशीच फोन हातात घेऊन सोडवतो.

दुपारी २.३०

आठवड्यातून एकदा सगळ्या शिक्षकांची तासभर बैठक. आजचा विषय कायदा. पोक्सो म्हणजे २०१२ चा बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा. अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल त्यात येतं, मुलगा असो की मुलगी. अंगाला हात लागला तरच गुन्हा, अशी पुष्कळांची समजूत असते. तसं नाही. लैंगिक हेतूने मुलाला फोनवरून, मेसेजवरून वारंवार गाठत राहणं हासुद्धा या कायद्यात लैंगिक छळ धरला आहे. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ ब आहे. मुलांची अश्लील चित्रं बनवणं, पाठवणं, बघणं, शोधणं आणि मुलांना ऑनलाइन नादी लावणं हे सगळं त्याखाली येतं. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. अशी चित्रं आपल्यापाशी ठेवणंही गुन्हा ठरू शकतं, आणि त्यांना ‘चाइल्ड पॉर्नोग्राफी’ न म्हणता मुलांच्या शोषणाचं साहित्य म्हणावं.

शिक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न विचारले ते कळवण्याच्या कर्तव्याबद्दल. पोक्सोचं कलम १९ म्हणतं की असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं, किंवा होईल अशी ज्याला भीती वाटते, त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हाताखालच्या माणसाचं कृत्य न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. एका नव्या शिक्षिकेने विचारलं, ‘आणि आपला अंदाज चुकला तर?’ प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होत नाही, तेही त्याच कलमात लिहिलंय. खात्री करून घेणं हे पोलिसांचं काम, आपलं काम कळवायचं. स्वतः तपास करत बसणारा शिक्षक मुलाचं आणि खटल्याचं दोन्हीचं नुकसान करतो.

दुपारी ४.००

नव्या मुलांच्या पालकांशी बोलणं. फी किंवा वेळेचं बोलायच्या आधी मी विचारते, ‘मूल बसणार कुठं?’ आज एक आई म्हणाल्या, ‘माडीवर बसतंय, खाली टीव्हीचा आवाज असतो.’ मी म्हटलं, ‘टीव्ही पाऊण तास बंद ठेवा, पण त्याला खाली बसवा.’ मुलाने घरातल्या वावराच्या खोलीत बसावं, दार उघडं असावं, आणि शक्यतो हेडफोन नको. शिकवणाऱ्याचा आवाज घरात ऐकू गेला पाहिजे. आजीला अपूर्णांक कळत नसतील, पण बोलण्याचा सूर बरोबर कळतो.

मागे भिंत असावी. शाळेचा गणवेश, घराची पाटी, कपडे बदलणारं कुणी असं काही पडद्यावर येऊ नये. कॅमेऱ्याबद्दल आम्ही आग्रह धरत नाही. सुरुवातीला हजेरीपुरता चालू, मग बंद केला तरी चालेल. घर दाखवायची लाज वाटते म्हणून वर्ग सोडणारी मुलं आम्ही पाहिली आहेत.

बहुतेक घरांत फोन एकच असतो आणि तो बाबांसोबत सहा-साडेसहाला घरी येतो. त्यामुळे इथल्या मुलांचे वर्ग संध्याकाळी. त्याच फोनवर बाबांचे सगळे ग्रुप असतात, पैसे पाठवायचं ॲप असतं, आणि वर्ग संपल्यावर अर्धा तास तो फोन मुलाच्याच हातात राहतो. म्हणून आम्ही पालकांना सांगतो की वर्ग संपला की फोन परत घ्या, आणि घेताना चिडू नका. वर्गाची वेळही मोजकीच ठेवतो. ऑनलाइन शिक्षणाबद्दल केंद्र सरकारने काढलेल्या २०२० च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रं सुचवली होती. आम्ही पंचेचाळीस मिनिटांचं एकच घेतो.

एकट्या मुलाला शंका विचारायची असेल तर तेही होतं. पण तेव्हा पालकांपैकी कुणीतरी आवाज ऐकू येईल इतकं जवळ हवं, किंवा आमचा दुसरा माणूस हवा, आणि रेकॉर्डिंग चालूच हवं.

संध्याकाळी ६.३०

वर्ग सुरू झाले की माझी फेरी सुरू होते. प्रत्येक वर्गात न सांगता जाते, दोन-तीन मिनिटं बसते, निघते. शिक्षकांना याची इतकी सवय झालीय की कुणी वाक्यसुद्धा तोडत नाही.

पाचवीच्या वेटिंग रूममध्ये एक नाव आलं, यादीतलंच, क्रमांकासकट. पण तो मुलगा आधीच आत बसलेला होता. आत घेतलं नाही. वर्गानंतर मुलाला विचारलं तर कळलं, लिंक त्याने शाळेतल्या मित्राला पाठवली होती, मित्राला गंमत बघायची होती. मुलाला कुणी रागावलं नाही. पण त्या वर्गाची लिंक आणि पासवर्ड त्याच रात्री बदलला.

सातवीत वेगळंच. एका मुलीचा जांभई देतानाचा स्क्रीनशॉट काढून कुणीतरी स्टिकर बनवला आणि तो मुलांत फिरला. ती आज आलीच नाही. मोठ्यांना हा पोरखेळ वाटतो, पण त्या मुलीला रोज त्याच चेहऱ्यांसमोर बसायचं आहे. स्टिकर बनवणाऱ्याच्या घरी फोन झाला, त्याने तो पुसला, ज्यांना पाठवला त्यांनाही पुसायला सांगितलं. मुलीशी तिच्या आवडत्या मॅडम बोलल्या. अनोळखी माणसाइतकंच वर्गातल्या मुलाकडूनही मूल दुखावतं, आणि त्या वेळी मोठ्यांनी हसण्यावारी नेलं तर पुढची, मोठी गोष्ट ते मूल सांगायला येत नाही.

संध्याकाळी ७.१५

वर्ग संपला, मुलं निघून गेली, एक मुलगा तसाच थांबला. सातवीतला. सोबतीच्या ताई होत्या, मीही होते. ‘मॅडम, एक सांगू? कुणाला सांगणार नाही ना?’

याचं उत्तर आम्ही सगळ्यांनी पाठ केलेलं आहे. ‘तू सांगतोयस ते फार बरं करतोयस. तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन, बाकी कुणाला नाही.’ गुपित ठेवायचं वचन द्यायचं नाही, कारण ते मोडावं लागतं.

गेममध्ये एक ‘दादा’ भेटला होता. तो डायमंड घेऊन द्यायचा. मग नंबर मागितला. मग शर्ट काढून फोटो पाठव म्हणाला, मुलाने पाठवला. आता तो म्हणतोय, आणखी पाठव, नाहीतर हा तुझ्या शाळेतल्या सगळ्यांना पाठवीन. हे सांगताना मुलाचा आवाज ठीक होता. पुढचं वाक्य बोलताना तो रडला. ‘पप्पांना कळलं तर मोबाइल काढून घेतील, क्लास बंद करतील.’

आम्ही फार विचारलं नाही. हीच गोष्ट त्याला पुढे पुन्हा सांगावी लागणार आहे, उगाच चार वेळा कशाला सांगायला लावायची? त्याचे शब्द तसेच्या तसे उतरवले. तुझी काही चूक नाही, हे दोनदा सांगितलं. त्या माणसाला उत्तर द्यायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत, आणि चॅट पुसायचं नाही, तो पुरावा आहे. फोटो मात्र त्याने आम्हाला पाठवायचा नाही आणि आम्ही मागायचा नाही.

मग आईवडिलांना फोन. वडिलांचा पहिला आवाज रागाचाच होता. मी म्हटलं, ‘दादा, आज त्याचा मोबाइल काढून घेतला तर पुढच्या वेळी तो कुणालाच सांगणार नाही. आज त्याने सांगितलंय, हीच मोठी गोष्ट आहे.’ थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘मॅडम, गावात आब्रूचा प्रश्न येतोय. पोलीस नको.’

त्यांना समजावून सांगितलं. पोलिसांना कळवणं मला टाळता येणार नाही. पण पोक्सोमध्ये मुलाचं नाव, चेहरा, शाळा काहीही उघड करायला मनाई आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घेता येतो, जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसतो, मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवत नाहीत. मुलांसाठीच्या १०९८ या मदत क्रमांकावर चोवीस तास माणूस बोलतो, तिथून समुपदेशनाचीही मदत मिळते. फोटो पसरायची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. ती फोटो मागत नाही. मुलाच्याच फोनवर त्या फोटोचा एक सांकेतिक ठसा तयार करते, आणि या योजनेत सामील असलेली संकेतस्थळं त्या ठशावरून फोटो अडवतात. नऊच्या आत वडील मुलाला घेऊन निघायला तयार झाले. आमच्या ताई त्यांच्यासोबत गेल्या.

रात्री ९.४५

दिवसाची वही लिहिते. कुणी काय सांगितलं, किती वाजता, आपण काय केलं, कुणाला कळवलं. माझं मत लिहीत नाही, घडलं तेवढंच. या वह्या कुलपात राहतात.

पालकांनो, क्लास निवडताना तुम्ही फी विचारता, निकाल विचारता. आणखी चार गोष्टी विचारा. माझ्या मुलासोबत वर्गात दुसरं मोठं माणूस कोण असतं? शिक्षक मुलाला खासगी मेसेज करतात का? माझ्या मुलाचा फोटो आणि रेकॉर्डिंग कुठे जातं? आणि काही झालं तर मी कुणाला फोन करायचा, त्याचं नाव सांगा. या चार प्रश्नांना जिथे अडखळत उत्तर मिळेल तिथे गणित कितीही चांगलं शिकवत असले तरी मुलाला घालू नका. आणि आजच घरात एक गोष्ट मुलाला स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा. फोनवर काहीही घडलं, तुझ्याकडून काहीही पाठवलं गेलं, तरी आम्हाला सांगितल्याबद्दल तुझा फोनही जाणार नाही आणि क्लासही बंद होणार नाही. हा शब्द दिलात तर तो पाळा.